माल आणि ओढ

चाचांच्या जेवणाच्या डब्याला कुलूप असायचं. करंगळीच्या पेराएवढं, पितळेचं, आणि किल्ली बंडीच्या आतल्या खिशात. वर्कशॉपमध्ये आम्ही सगळे मिळून सात माणसं. त्यातलं कुणी डबा चोरण्याइतकं उपाशी नव्हतं, आणि डब्यात तरी काय, तर भाकरी, मुळ्याची भाजी, लसणाची चटणी. कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "चाचा, कुलूप कशाला हो? कोण खाणार तुमचा मुळा?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अजून कुणी खाल्ला नाय. म्हणून तर कुलूप हाय."

मी मनात म्हटलं, हा म्हातारा आपल्याला लई ताप देणार. आणि दिला. याच माणसाला मी पुढे चोर ठरवलं, त्यांच्या मागे स्कूटी घेऊन गेले, आणि माझ्या सख्ख्या भावासमोर त्यांच्यावर ओरडले. ते सांगायचंच आहे, पण आधी माणूस कसा होता ते कळायला हवं.

आमचं वर्कशॉप बेल्ह्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून. विहीर खोदताना खालचा दगड-मुरूम वर ओढायला जी क्रेन लावतात, तिला आमच्याकडे यारी म्हणतात. त्या याऱ्या आम्ही बनवायचो आणि दुरुस्त करायचो. ड्रमवर वायररोप, रोपच्या टोकाला हुक, हुकला लोखंडी बकेट. त्या बकेटमधून दगड वर येतो आणि त्याच बकेटमधून माणसं खाली उतरतात. हे कुठल्या नियमात बसतं ते मला विचारू नका, पण उतरतात. माझा दादा त्यातलाच. पिंपरी पेंढारच्या आमच्या घरातून सकाळी तो विहिरीवर जायचा आणि मी वर्कशॉपला. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली, वर्गातल्या तीन मुलींपैकी एक. दादानं शाळा सोडून मला शिकवलं. हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, आणि मी कधी विसरले नाही.

चाचा जुन्नरचे, पिढीजात लोहारकाम करणारे. वर्कशॉपमधले सगळे हुक त्यांच्याच भट्टीतून निघायचे. जाड, काळे, दिसायला अगदी ओबडधोबड. वय विचारलं की म्हणायचे, "कागदावर पासष्ट. कागदाचं मला काय इचारू नका."

पेपर ते रोज घ्यायचे, पण कालचाही जपून ठेवायचे. आज पाऊस पडेल असं कालच्या पेपरात लिहिलेलं असलं आणि पडला नाही, की तेवढी ओळ लाल खडूनं खोडायची. पेट्रोल भरताना पंपावरच्या आकड्याकडे न बघता नळी धरणाऱ्याच्या हाताकडे बघायचे. नवी टेप आणली की जुन्या टेपला लावून बघायची, आणि दोन्ही सारख्या निघाल्या तर दोन्हीवर संशय. चाची एकदा वर्कशॉपवर आल्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसत म्हणाल्या, "मला बघायला दोनदा आले व्हते. एकदा सकाळी, एकदा सांजच्याला. म्हणे, उजेडाचा भरवसा नाय." चाचा बाजूला कानस घासत उभे होते. ते म्हणाले, "आन फरक पडला व्हता का न्हाई, ते बी सांग की." चाचींनी ते काही सांगितलं नाही.

त्यांचा खरा दावा मात्र काट्यांशी. त्यांच्या कोपऱ्यात दोन वस्तू कायम असायच्या. एक जुना दोन पारड्यांचा तराजू आणि एक लोंबता काटा, पोटात स्प्रिंग असलेला. दोघांना एका कामाला ते कधी लावायचे नाहीत.

"तराजू माल सांगतो," ते म्हणायचे. "ह्या पारड्यात माल, त्या पारड्यात माल, दोघांची बरोबरी. लोंबत्या काट्याला मालाचं काय बी कळत न्हाई. खाली किती ओढ बसतीय, तेवढंच कळतं. लोकं ओढ बघत्यात आन माल समजत्यात."

मी म्हणाले, "चाचा, यालाच आम्ही वस्तुमान आणि बल म्हणतो. वस्तुमान किलोमध्ये, बल न्यूटनमध्ये. किलोला नऊ पॉइंट आठनं गुणायचं, की न्यूटन. झालं."

"झालं?" त्यांनी मान वर केली. "तू गुणलं आन झालं?"

एकदा त्यांना ताप आला म्हणून मालकांनी गाडीत घालून दवाखान्यात नेलं. सिस्टरनं काट्यावर उभं केलं आणि सांगितलं, चोपन्न. चाचांनी विचारलं, "चोपन्न काय? माल का ओढ?" सिस्टरनं मालकांना बाजूला घेऊन विचारलं, ताप डोक्यात गेलाय का हो यांच्या? ही गोष्ट मालक येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, आणि चाचा शेजारी उभे राहून ऐकायचे. त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही.

मीही कमी खोडीची नव्हते. एकदा सांगून बसले, की चाचा, उंचावर गेलं की पृथ्वीची ओढ कमी होते. माल तोच, पण तुमचा लोंबता काटा कमी दाखवेल. झालं! त्याच महिन्यात आंबेगावच्या डोंगरात, आहुप्याला एक यारी दुरुस्तीला निघाली. चाचांनी जीपमध्ये हत्यारांच्या आधी काटा आणि वीस किलोचं लोखंडी माप ठेवलं. आहुप्याच्या देवराईजवळ एका फांदीला काटा टांगून अर्धा तास बघत बसले, असं ड्रायव्हरनं सांगितलं. गावातली चार माणसं जमली, पावणं हे काय करतात म्हणून. परत आले ते थेट माझ्या टेबलाशी.

"काटा केसभर हालला न्हाई. खोटं सांगितलंस."

"खोटं नाही हो. फरक दोन-तीन ग्रॅमचा. तुमच्या काट्यावर शंभर ग्रॅमच्या रेघा, त्यात काय दिसणार?"

"म्हंजे काटा खोटा."

"काटा खरा, चाचा, पण..."

"दोघांतलं एक कुणीतरी खोटं हाय," असं म्हणून ते भट्टीकडे गेले आणि पुढचे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

हे सगळं गमतीचं झालं. पण ते माझं काम तपासायचे, त्याची मला काही गंमत वाटायची नाही. मी ड्रॉइंग काढलं की ते माझ्यामागे दोऱ्यानं मोजणार. मी बोल्ट आवळला की ते पुन्हा पान्हा लावणार. माझ्या आधी आलेल्या वेल्डरचं काम ते इतकं बघायचे नाहीत, असं मला वाटायचं. मुलगी आहे म्हणून, दुसरं काय! मला ते नावानं कधी हाक मारायचे नाहीत. "ए डिप्लोमा," एवढंच. त्या शब्दात शिवी असल्यासारखी मी फणकारायचे.

मग एका वर्षी कागदाचं खूळ आलं. विहिरीचे ठेकेदार हुकचं सर्टिफिकेट मागायला लागले. चाचांच्या हुकला सर्टिफिकेट कुठलं? मालक मला म्हणाले, "पुण्याच्या कारखान्यातून मागवून टाक. बारा हुक." कारखान्यानं फॉर्म पाठवला, त्यात एक रकाना होता. हुकवर येणारं जास्तीत जास्त बल, किलोन्यूटनमध्ये. माझ्यासाठी हे हातचं काम. भरलेली बकेट चारशे किलो. चारशे गुणिले नऊ पॉइंट आठ, तीन हजार नऊशे वीस न्यूटन. म्हणजे जवळपास चार किलोन्यूटन. मी चार लिहिलं.

चाचा पाठीमागे उभे होतेच. "हे चार कसले?"

मी समजावलं.

"बकेट काय करत असताना?"

"म्हणजे?"

"म्हंजे लोंबतीय, का चाललीय, का थांबतीय?"

"चारशे किलो म्हणजे चारशे किलो, चाचा. लोंबली काय नि चालली काय!"

"माल चारशे," ते म्हणाले, आणि हात पुसत निघून गेले. मला वाटलं, भाकरी जाणार म्हणून जळतोय म्हातारा. आता त्याचे हुक कोण घेणार?

हुक आले. चकचकीत, हलके, प्रत्येकावर नंबर, बरोबर कागद. मी स्वतः ते याऱ्यांवर चढवले. त्यातला पहिला दादाच्या यारीवर, कौतुकानं.

मध्येच ईद जवळ आली. बेल्ह्याच्या बाजाराच्या दिवशी चाचांना बकरा घ्यायचा होता आणि त्यांची गाडी बिघडलेली, म्हणून मी स्कूटीवर नेलं. बाजारात टेम्पो, मोटारसायकली, बैलांची दावी, धूळ, नुसती कालवाकालव. बकरेवाल्यानं झाडाच्या फांदीला लोंबता काटा बांधलेला. बकऱ्याच्या पोटाखालून पट्टा घालून त्यानं तो काट्याला अडकवला. बकरा पाय झाडायला लागला तसा काट्याचा हात पंधरावरून चाळिसावर, चाळिसावरून परत खाली. मधेच एका उडीला बकरेवाला ओरडला, "अठ्ठावीस!"

"थांब," चाचा म्हणाले. "गप होऊ दे त्याला."

"गप कशाला होतंय राव, जितं जनावर हाय," बकरेवाला म्हणाला आणि बकऱ्याच्या बरगडीत हळूच बोट खुपसलं. बकरा पुन्हा उसळला. ते बोट चाचांनी पाहिलं. ते बकऱ्याच्या जवळ गेले आणि त्याची मान खाजवत राहिले. लोकं जमली. बकरेवाला चरफडला. पाचेक मिनिटांनी बकरा मुकाट लोंबला, डोळे मिटले, आणि काटा तेविसावर येऊन थांबला.

"ए डिप्लोमा," त्यांनी मला पुढं बोलावलं. "मगाशी हात चाळीसवर गेल्ता. बकरा तेवढ्यात चाळीस किलोचा झाला का?"

"नाही."

"मंग?"

"उडी मारली म्हणून, चाचा."

"मंग घरी जाऊन इचार कर."

मी हसले. घरी जाऊन दादाला त्या बोटाची नक्कल करून दाखवली, तोही पोट धरून हसला. हसता हसता म्हणाला, "आमचं बी त्येच व्हतं. वरच्यानं एकदम ब्रेक मारला की बकेट असा दणका देती, पोटात गोळा येतो." मी ऐकलं, त्याला आणखी एक भाकरी वाढली, आणि विसरले. आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

त्यानंतर हुक गायब व्हायला लागले.

सर्व्हिसिंगला आलेल्या यारीवर माझा हुक नसायचा, चाचांचा जुना काळा हुक असायचा. एका यारीचं झालं, दुसरीचं झालं, तिसरीचं झालं. ऑपरेटरला विचारलं तर म्हणाला, "चाचा बदलून गेले की." चाचांना विचारलं तर म्हणाले, "बघायला घेतलाय." कुठे आहे विचारलं तर, "हाय." मी त्यांच्या पिशवीवर नजर ठेवायला लागले. सकाळी येताना ती रिकामी लोंबायची आणि कधी कधी जाताना तिची पट्टी खांद्यात रुतलेली असायची. चांगलं पोलाद, भंगारात विकत असणार. नाहीतर माझे हुक खराब म्हणून मालकांच्या कानाला लागायचं, आपले पुन्हा चालू करायचे. दोन्हीतलं एक नक्की. मी मालकांना सांगून पाहिलं. ते हसले. "अगं, म्हातारा संशयी हाय, चोर न्हाई." पण कुलूप कोण लावतं? ज्याला चोरी सुचते तोच ना! असं माझं तेव्हाचं शहाणपण.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत चाचा डबा न उघडताच गाडीवर बसले आणि निघाले. पिशवी खांद्याला. मी स्कूटी काढली. बरंच अंतर ठेवून मागे राहिले. ते जुन्नरकडे वळतील, भंगारवाल्याकडे जातील, तिथेच धरीन असं मनात. पण ते वळलेच नाहीत. आमच्या गावाच्या रस्त्याला लागले, पिंपरी पेंढार ओलांडलं, आणि एका डाळिंबाच्या बागेतून आत शिरले. मला रस्ता ओळखीचा वाटला. पुढे यारीचा सांगाडा दिसला. दादाची विहीर.

दादा आणि त्याचे दोन सोबती कडेला चहा पीत बसले होते. बकेट वर, जमिनीवर टेकलेली. चाचांनी पिनखीळ काढून माझा हुक सोडवला होता आणि तो पिशवीत घालत होते.

"चाचा!" मी स्कूटी आडवी टाकली. "तो हुक इकडं द्या! किती विकलेत आतापर्यंत? शरम नाही वाटत? माझा भाऊ उतरतो या यारीवर, तिथला पण चोरता?"

दादा उठून उभा राहिला. "ए, कुणाला बोलतेस? डोकं ठिकाणावर हाय का?"

चाचा रागावले नाहीत. पिशवीतून त्यांनी एक लाकडाची पाचर काढली, बाभळीची, तासून गुळगुळीत केलेली. "तुझे हुक आले त्या दिवशी हुकच्या तोंडात बसवून तासली. तवा नव्या हुकमधी ठोकून बसवावी लागायची. धर."

त्यांनी माझा हुक माझ्या एका हातात दिला आणि वरून पाचर त्याच्या तोंडात सोडली. पाचर अडली नाही. थेट माझ्या दुसऱ्या तळहातावर येऊन पडली.

मला काही क्षण समजलंच नाही. मग समजलं. हुकचं तोंड उघडलं होतं. पोलाद सरळ व्हायला लागलं होतं. आणखी काही दिवसांनी बकेटची कडी त्यातून निसटली असती. बकेटमध्ये दगड असते, नाहीतर दादा असता.

"पण चारशे किलोचे चारच किलोन्यूटन होतात!" मी म्हणाले. आवाज रडका झाला होता तरी म्हणाले.

"व्हतात. उभ्या मालाचे व्हतात," चाचा म्हणाले. "बकेट सुसाट खाली येती, वरचा ब्रेक दाबतो. माल तोच, चारशे. पण त्याला थांबवायला ओढ किती लागती? त्या वक्ताला हुक काय सोसतो, ते तू कुठं गुणलंस?"

मी खालीच बसले. बकरा आठवला, काट्याचा चाळिसावर गेलेला हात आठवला. किलोचं न्यूटन करताना मी नऊ पॉइंट आठनं गुणलं होतं आणि ते बरोबर होतं, पण फक्त मुकाट लोंबणाऱ्या बकऱ्यासाठी. किलो ही वस्तूची गोष्ट. न्यूटन ही त्या वस्तूला काय होतंय त्याची गोष्ट. नुसत्या गुणाकारानं एकाचं दुसरं होत नाही, आधी विचारावं लागतं, बकेट काय करत असताना? त्यांनी हाच प्रश्न विचारला होता, शब्दाला शब्द.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? आधी मला माझ्या पाचरीवरच शक. लाकूड हाय, सुकलं असंल, बारीक झालं असंल. दुसरी केली, लोखंडाची. मंग वाटलं, एक हुक कच्चा निघाला असंल. म्हणून दुसरा नेला, तिसरा नेला, घरी तपासले. तिन्ही उघडलेले. तवा खात्री झाली. आन खात्री झाली तसा जेवायचं सोडून हिकडं आलो." त्यांनी दादाकडे पाहिलं. "ह्यो तुझा भाऊ हाय ते मला म्हाईत हाय."

दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा तो हात मला सोसवेना.

त्याच दुपारी मी मालकांपुढे उभी राहिले आणि सांगितलं, चूक कारखान्याची नाही, माझी आहे, मी रकान्यात चुकीचं लिहिलं. सगळ्या याऱ्या थांबवा. मालक पांढरेफटक पडले, पण थांबवल्या. पुढचे दोन दिवस मी आणि चाचा एकेका विहिरीवर जाऊन हुक उतरवत फिरलो. आठ उरले होते, त्यातल्या सहांतून पाचर खाली पडली. ती पडली की चाचा नुसते माझ्याकडे बघायचे, आणि मी मान खाली घालायची.

मग आम्ही ओढ मोजली. त्यांचा काटा यारीच्या रोपला बांधला, खाली वीस किलोचं माप. दादानं ड्रम सैल सोडून ब्रेक दाबायचा आणि मी मोबाइलवर काट्याचं शूटिंग घ्यायचं. ते शूटिंग सावकाश चालवून बघितलं, तर काट्याचा हात साठाच्या पलीकडे. म्हणजे तिपटीच्या वर. चाचांनी पंचवीस वेळा करायला लावलं, कारण मोबाइलवर त्यांचा विश्वास नव्हता. नव्या फॉर्ममध्ये मी तिपटीऐवजी पाचपट धरून वीस लिहिलं. चाचा म्हणाले, "पाच का? सहा का न्हाई?" मी चोवीस लिहिलं.

नवे हुक आले. जाड, जड. पहिला दादाच्या यारीवर बसवायचा ठरला, तपासणीही तिथेच. सकाळची वेळ, उन्हं नुकती वर आलेली. चारशे किलो दगड भरून बकेट विहिरीत सोडली आणि अर्ध्यावर कचकन थांबवली. दहा वेळा. चाचांनी नवी पाचर तासली होती, ती दरवेळी ठोकूनच बसली. मला वाटलं, झालं.

"झालं?" चाचा म्हणाले. "दगडाला भ्याव नसतं. आन बकेटमधी दगड असला की ब्रेकवाल्याला बी नसतं. माणूस असला की हात येगळा पडतो." असं म्हणत त्यांनी बकेटमधले दगड उतरवायला लावले आणि चप्पल काढून स्वतः बकेटमध्ये चढून उभे राहिले. "ए डिप्लोमा. ब्रेकला तू."

"वेड लागलंय का तुम्हाला? मी नाही धरणार."

"माझा माल किती? चोपन्न, दवाखान्यात ऐकला की समद्यांनी. तो काय वाढणार न्हाई. पण ओढ तुझ्या हातात हाय."

ज्या माणसानं पेट्रोलवाल्याच्या हातावर भरवसा ठेवला नाही, तो माझ्या हाताखाली लोंबत होता. मी सोडलं. बकेट गेली. मी ब्रेक दाबला, हळू दाबायचा म्हणून दाबला, तरी भीतीनं जोरातच दाबला गेला. रोप थरथरला. खालून खोकल्याचा आवाज आला. मी त्यांना वर घेतलं.

त्यांनी उतरून आधी पाचर लावली. घट्ट. मग चप्पल पायात घातली आणि ब्रेकपाशी येऊन उभे राहिले. "आता तू."

मी दादाकडे पाहिलं. महिनाभरापूर्वी ज्याला मी चोर म्हटलं होतं, त्याच्या हातात ब्रेक देऊन मी बकेटमध्ये पाय टाकला. माझे बावन्न किलो. विहिरीच्या भिंती वर धावायला लागल्या, अंग हलकं झालं, पाय तळाला टेकलेले आहेत की नाहीत ते कळेना. आणि मग म्हाताऱ्यानं ब्रेक दाबला, जराही दयामाया न दाखवता. माझे गुडघे मोडल्यासारखे वाकले, दात दातांवर आपटले, पोट खाली ओढलं गेलं, आणि मी कडीला धरून अर्धी बसलेच. बावन्नचे बावन्नच किलो होते, पण गुडघ्यांना ते कोण सांगणार! दादाला हे रोज व्हायचं, दिवसातून कितीतरी वेळा, आणि मी रकान्यात चार लिहिलं होतं. त्या अंधुक उजेडात मला हुंदका आला. वर जाईपर्यंत मी तोंड पुसून घेतलं.

वर आल्यावर चाचांनी पाचर माझ्या हातात दिली. "बघ."

मी लावली. घट्ट बसली.

दादानं टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि बकेटपाशी आला. "चाचा, जाऊ का?"

"मला काय इचारतो? तिला इचार."

"थांब," मी म्हणाले. पाचर काढली, पालथी केली, दुसऱ्या बाजूनं लावून पाहिली. मग पिन हलवून पाहिली. मग पुन्हा पाचर. दादा कंटाळून उभा होता. शेवटी म्हणाले, "जा. ब्रेक मी धरते."

चाचांनी माझ्यानंतर हुकला हात लावला नाही. बकेट सावकाश खाली गेली, मी इतका हळू ब्रेक दाबला की माझा हात दुखायला लागला, आणि खालून दादा ओरडला, "पोचलो!" तेव्हा चाचा बांधावर गेले, पिशवीतून डबा काढला, खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं, झाकण तसंच उघडं टाकलं आणि डबा माझ्याजवळ ठेवून बागेतल्या नळावर हात धुवायला निघून गेले.